पर्याय मांडला म्हणजे ठराव मान्य केला, असं होत नाही

वादविवाद स्पर्धांचे दिवस आले की कोल्हापुरातल्या कॉलेजच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विरोधी बाजूनं फक्त खोडायचं. पर्याय सुचवला की ठराव निम्मा मान्य झाला. समोरच्यानं न घेतलेली उदाहरणं आणली की ते विषयांतर, परीक्षकांनी गुण कापावेत. आणि हीच म्हणे आपली परंपरा. पहिल्यांदाच उभी राहणारी पोरं हे खरं मानून चालतात, म्हणून हे सविस्तर खोडणं भाग आहे.

आधी पर्यायाचं. समजा ठराव आहे, ‘अंबाबाई मंदिर परिसरात खासगी वाहनांना पूर्ण बंदी घालावी.’ महाद्वार रोडवर कोंडी होते, हे विरोधकानं कबूल केलं तर त्यानं फक्त अडचण मान्य केली. ठराव अडचणीचा नाही, उपायाचा आहे. आणि बंदीपेक्षा चांगला उपाय दाखवणं म्हणजे बंदीला विरोधच. अमेरिकेतल्या पॉलिसी डिबेटमध्ये, म्हणजे धोरणाच्या ठरावांवरच्या वादविवादात, जिथं १९४७ पासून राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते, यालाच काउंटरप्लॅन म्हणतात आणि तो नेहमीचा डाव आहे.

मात्र कुठलाही पर्याय चालत नाही. विरोधक म्हणाला, ‘बंदी नको, गावाबाहेर पार्किंग करा आणि तिथून केएमटीच्या (महापालिकेच्या) बस सोडा’, तर अनुकूल वक्ता एका वाक्यात त्याला गारद करेल: ‘बंदीही घालू, केएमटीही सोडू.’ दोन्ही एकत्र जमत असेल तर पर्यायानं ठरावाचं काहीच बिघडत नाही. त्याऐवजी ‘वाहनं येऊ द्या, पण गर्दीच्या तासांना पार्किंगचा दर चढता ठेवा’ असं मांडलं तर? पूर्ण बंदी आणि सशुल्क प्रवेश एकाच रस्त्यावर नांदत नाहीत. निवड करावीच लागते. दुसरी कसोटी म्हणजे नुसता पर्याय राबवणं हे दोन्ही मिळून राबवण्यापेक्षा फायद्याचं असणं. एवढं करून पर्याय सिद्ध करण्याची जबाबदारीही आता विरोधकाच्याच गळ्यात पडते. याला कुणी निम्मी शरणागती म्हणत असेल तर त्यानं हा डाव खेळून पाहिलेला नाही.

आता उदाहरणांचं. ठराव घ्या, ‘नदीपात्रातली बांधकामं हटवावीत.’ अनुकूल बाजू पंचगंगेच्या पात्रालगतचा एखादा बेकायदा भराव दाखवते आणि टाळ्या घेते. विरोधक विचारतो: मग राजाराम बंधाऱ्याचं काय? ज्या बंधाऱ्यावर पुराच्या दिवसांत अख्खं शहर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी बघतं, तोही पात्रातलंच बांधकाम आहे. पंचगंगा घाटावरची मंदिरंही पाण्यातच उभी आहेत. हे विषयांतर कसं? ठराव सगळ्या बांधकामांबद्दल बोलतो. एका भरावावरून तो सिद्ध होत नाही, हेच विरोधक दाखवतोय. ठरावात बसणारी, पण समोरच्यानं टाळलेली अशी उलट उदाहरणं आणणं, हेच काउंटरवॉरंट.

अमेरिकेत ही पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस जोरात होती, पुढं मागं पडली. कारण रास्त होतं. तिथं अनुकूल बाजू स्वतःची ठोस योजना मांडते आणि निकाल त्या योजनेवर लागतो, असं बहुतेकांनी मानलं. मग योजनेबाहेरची उदाहरणं बिनकामाची ठरली. शिवाय घाईघाईत उदाहरणांची नुसती यादी वाचणारे संघही होते. आपल्याकडं बहुतेक स्पर्धांत योजना मागतच नाहीत, ठरावाचं अख्खं वाक्यच पणाला लागलेलं असतं. म्हणून माझ्या मते काउंटरवॉरंट आपल्या व्यासपीठावर तिथल्यापेक्षा जास्त शोभतं. दोनच उदाहरणं घ्यावीत, पण ती ठरावात नेमकी का बसतात हे सांगावं.

परंपरेचा दाखला तर उलटाच पडतो. स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहणं याला न्यायसूत्रांत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, वितंडा म्हटलंय. स्पर्धेत नुसतं खंडन करून जिंकता येतं, ते वैधही आहे. पण तोच एकमेव मार्ग, असं परंपरेच्या नावावर सांगू नये.

राहिला गुणांचा प्रश्न. पर्याय ठरावासोबत सहज नांदत असेल किंवा उदाहरण ठरावाच्या शब्दांत बसत नसेल, तर परीक्षकांनी तो मुद्दा जरूर बाद करावा. पण आधी अनुकूल बाजूनं उभं राहून तसं दाखवून द्यायला हवं. तिनं ते केलंच नाही, तर परीक्षकांनी तिच्या वतीनं गुण कापू नयेत.