पावणेतीनला धर

आमच्या मारुती ८०० चा खड्-खड् आवाज सगळ्यांत आधी बायकोला ऐकू आला. "अहो, काहीतरी वाजतंय." मी रेडिओ मोठा केला. आठवडाभर हा उपाय चांगला लागू पडला.

गाडी २००९ ची, वडिलांनी घेतलेली. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओच्या चकरा मारून पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून आणली. ही गाडी बनवणं २०१४ च्या जानेवारीतच बंद झालं, पण ती बातमी मी अजून तिच्या कानावर जाऊ दिलेली नाही.

रेडिओने आवाज झाकला, स्टिअरिंग कसं झाकणार? दोन बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ताच लागेना. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या वळणांवर तर मी वळायचं ठरवायचो आणि गाडी त्यावर विचार करायची.

पहिल्या गॅरेजने नाडी न बघताच निदान केलं, अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं. चाकांना आरसे लावले, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे झाले, रंगीत कागद हातात आला. आठ दिवसांनी गाडी पुन्हा डावीकडे ओढायला लागली. दुसऱ्या गॅरेजवाल्याने बोनेट दाबून पाहिलं आणि डॉक्टर 'ॲडमिट करा' म्हणतात त्या सुरात म्हणाला, "शॉकअप गेलेत." बदलले. खिसा हलका झाला, आवाज तेवढाच जड राहिला. बरं, मेकॅनिक शेजारी बसला की गाडी नव्या सुनेसारखी गप्प. ती तोंड उघडायची फक्त आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर. गतिरोधक कसला, कुणीतरी पुरलेला हत्तीच तो.

त्या हत्तीशेजारी एक मावशी पालेभाज्या घेऊन बसतात. एकदा मी आवाज नीट ऐकायचा म्हणून चौथ्यांदा त्यावरून गाडी नेली, तेव्हा मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "दादा, डाव्या चाकात वाजतंय. उजवं गप हाय."

दोन गॅरेजं, एक रंगीत कागद आणि चार आकडी बिलं. निदान मात्र फुकटात, तेही मान वर न करता.

मग मी तळमजल्यावरच्या काकांना गाठलं. काका एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झालेले. अजूनही गाडीला हात लावताना शर्टाच्या बाह्या आपोआप वर जातात. आधीच्या अलाइनमेंटची हकीकत ऐकून म्हणाले, "खाट खिळखिळी असताना चादर ताणून काय होणार? लाव जॅक." जॅक लावला. शिवाय त्यांनी गाडीखाली लाकडी ठोकळाही सरकवायला लावला, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात खाली घालायचा नाही म्हणून. मग माझ्या मुलाला हुकूम केला, "चाक सहाला धर!"

मुलाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यात काटेच नव्हते, नुसते आकडे. शेवटी काकांनीच त्याचा एक हात चाकाच्या वर, एक खाली ठेवला. हलवलं. चाक हललं नाही, म्हणजे बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट ठीक. "आता पावणेतीनला धर!" म्हणजे एक हात डावीकडे, एक उजवीकडे. हलवलं, आणि टक्-टक्! मग मुलाला आत बसवून स्टिअरिंग इकडेतिकडे करायला लावलं आणि माझी बोटं टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत पोहोचवणाऱ्या सळईच्या, टोकावर ठेवली. दुधाचा दात हलावा तसं ते हलत होतं. रबराची टोपी फाटलेली, ग्रीस कधीचं निघून गेलेलं, आणि त्या वाटीत पोलादी गोळीऐवजी आता पुण्याची धूळच जास्त होती.

नाना पेठेत गेलो. 'टाय रॉड एंड द्या' हे वाक्य मी रिक्षात दोनदा घोकलं होतं. दुकानदार म्हणाला, "आतला की बाहेरचा? डावा की उजवा? कार्ब की एमपीएफआय?" तोंडी परीक्षेला मी नेहमीच कच्चा. खिशातून जुन्या भागाचा फोटो काढला आणि सुटलो.

आता बदलायचं. नट सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन गंजून नटाशी एकजीव झालेली. ती तुकड्यातुकड्यांनी निघाली. नट सुटला, तरी टोक जागचं हलेना; त्याची दांडी निमुळती असते, ती चाक वळवणाऱ्या आर्मच्या भोकात घट्ट रुतून बसते. मी खालून हातोडा हाणत होतो. काका म्हणाले, "त्याला नको, त्याच्या घराला मार." आर्मच्या बाजूवर दोन ठोसे बसले आणि ते टपकन खाली आलं.

"आता फिरवून काढ, आणि आटे मोज. जितके फेरे निघतील तितकेच नव्याला द्यायचे, नाहीतर चाकं एकमेकांकडे बघायला लागतील."

मी मोजू लागलो. दहा, अकरा, बारा...

"अहो, गॅसवाला आलाय! ओटीपी काय आलाय?"

हात ग्रीसने बरबटलेले. फोन मुलाने कानापाशी नाही, डोळ्यांपाशी धरला. मी ओरडून आकडे सांगितले. सिलिंडर घरात गेला, आणि माझ्या डोक्यात तेरा की सोळा की एकोणीस यातलं काही उरलं नाही. काकांकडे पाहिलं, तर ते गॅसवाल्याशी सिलिंडरच्या भावावर बोलत होते. पंधरा धरले.

गाडी सरळ चालवायची तर स्टिअरिंग आता दहा मिनिटं पुढे धरावं लागत होतं, काकांच्या घड्याळाप्रमाणे. त्याच अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. तेच आरसे, तोच कागद. पण यावेळी आठ दिवस झाले, पंधरा झाले, गाडी सरळ चालते.

परवा हत्तीवरून गेलो. काही वाजलं नाही. मी मुद्दाम गाडी थांबवली. मावशींनी वर पाहिलं.

"दुरुस्त केली व्हय? रोज तुमची खडखड आली की मला कळायचं, साडेनऊ झाले, पोरीला शाळेचा डबा द्यायची वेळ झाली."

मी मेथीची जुडी घेतली. पाच रुपये जास्त लावले होते, पण काही बोललो नाही.