ताई, परत कधी येणार?

नाताळच्या आधी आमच्या चर्चच्या मंडळीतले दहा-बारा जण परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर खिचडीची पाकिटं आणि चादरी वाटायला गेलो होतो. दरवर्षी जातो. फूटपाथवर निळ्या ताडपत्रीच्या आडोशाला जालन्याकडची एक बाई बसली होती. नवरा तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला, जबड्याला फडकं बांधलेलं. तिने पाकीट घेतलं, बाजूला ठेवलं आणि विचारलं, "ताई, परत कधी येणार?"

खरं उत्तर 'पुढच्या नाताळला' हे होतं. ते तोंडातून निघेना. "देव तुमचं भलं करो" म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात उघड्यानागड्या, उपाशी भावाला नुसतं 'सुखाने जा' म्हणणाऱ्याबद्दल जे लिहिलंय, ते घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला शोमरोनी आम्हाला संडे स्कूलपासून पाठ आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणारा साधारण २७ किलोमीटरचा उतार, लुटारूंचा रस्ता. त्यांनी मारून टाकलेला एक वाटसरू अर्धमेला पडलाय. याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, बघून निघून जातो, मंदिराचाच सेवक असलेला लेवी बघून निघून जातो, आणि ज्याला यहुदी लोक जवळही करत नसत, त्या शोमरोन्याला कळवळा येतो. तिथला मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे. आपल्याकडे आया म्हणतात ना, 'लेकरासाठी आतडं तुटतं', अगदी तसाच. उपदेश बहुतेक वेळा या कळवळ्यापाशी संपतो. गोष्ट मात्र पुढे जाते. तो जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागी, नेऊन त्याची काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी तिथल्या मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी, आणि सांगतो की जास्त खर्च झाला तर मी परत येताना देईन.

परत येताना. इतकी वर्षं हा उतारा वाचतेय, पण त्या बाईने विचारेपर्यंत हे दोन शब्द मला दिसले नव्हते.

मुंबईकराला कळवळा कमी नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मी कुर्ल्यात एका अनोळखी घरात झोपले. त्यांनी मला कोरडी साडी दिली, जात-धर्म विचारला नाही. अशा रात्री माणूस आपसूक धावतो, तिथे श्रद्धेची कसोटी लागतेच असं नाही. ती लागते तिसऱ्या आठवड्यात, आतडं तुटायचं थांबलेलं असतं आणि ऑफिसातून थेट घरी जाऊन पाय पसरावेसे वाटतात तेव्हा. माझ्या मते प्रभू आपल्याकडे मागतो ते तिथे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुली बघून त्यांचं काळीज हललं यात नवल नाही. मला नवल वाटतं ते पुढच्या वर्षांचं. शेकडो मुली त्यांनी केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या, शिकवल्या, छापखान्यात उभ्या केल्या, आणि १९२२ साली देवाघरी जाईपर्यंत त्यांच्यातच राहिल्या.

मी पुढच्या गुरुवारी परत गेले. खिचडी नेली नाही, कारण तिथे वाटणारे पुष्कळ येतात, एकेका संध्याकाळी तीन-तीन गाड्या. तिला हवा होता एक तास. नवऱ्याजवळ, फाईलच्या पिशवीजवळ कोणीतरी बसावं, म्हणजे तिला सुलभमध्ये जाऊन अंघोळ करून येता येईल. चार दिवस झाले होते. मी बसले. नवऱ्याला बोलता येत नव्हतं. त्याने शंभर पानी वहीत लिहून माझ्यापुढे धरलं: 'भावाला फोन लावा. तूर काढली का विचारा.' मी माझ्या फोनवरून लावला. तूर अजून उभी होती. ते ऐकून त्याने डोळे मिटले आणि वही छातीवर ठेवली. ती ओल्या केसांनी परत आली तेव्हा मला क्षणभर ओळखू आली नाही, इतकी ती वेगळी दिसत होती.

नंतर त्यांना दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. उतारशाळा म्हणजे काय, हे मला त्या जिन्यावर कळलं. तिथे येशूचं नाव नाही, पण त्याने सांगितलेलं काम रोज चालू आहे, आणि हे लिहिताना मला जराही संकोच वाटत नाही.

आपल्या मंडळ्यांबद्दल एक मनापासून सांगायचंय. दर रविवारी आपण आजाऱ्यांची नावं वाचून प्रार्थना करतो. ती प्रार्थना मला प्राणापेक्षा प्रिय आहे, माझ्या आईचं नाव त्या यादीत आठ महिने होतं. त्या आठ महिन्यांत दोनदापेक्षा जास्त घरी आल्या त्या फक्त महिला मंडळातल्या एक मावशी. यायच्या, आईच्या पायांना तेल लावायच्या, भाजी निवडून द्यायच्या आणि जायच्या. शास्त्रपाठ कधी करायच्या, कधी नाही. आई त्यांच्या चपलांचा आवाज ओळखायची.

जालन्याचे दोघं या गुरुवारी चेकअपला येतायत. मी अर्धी रजा टाकली आहे. केसपेपरच्या रांगेत एक जण आणि त्यांच्याजवळ बसायला एक जण, असे दोघं लागतील. कोणाला जमणार असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, सकाळी सातला परळ स्टेशनच्या पुलाखाली भेटू. डबा नको, तो जालन्याच्या ताई स्वतः आणणार आहेत. तूर काढून झाली, हे त्यांनी फोनवर सगळ्यात आधी सांगितलं.