टायरवरच्या ‘एन०’चं व्हॉट्सॲपी माहात्म्य

म्हापशापासून मडगावपर्यंतच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांत एक मेसेज फिरतोय: ‘टायरवर गाडीच्या कंपनीची खूण नसेल तर तो डुप्लिकेट. आकडा मोठा तितका टायर भारी. खुणेचा टायर गोव्याच्या पावसातही घसरत नाही. बिनखुणेचा लावणं बेकायदा.’

आधी डुप्लिकेटचं बघू. या खुणा अशा: पोर्शेचा ‘एन’ (त्यापुढे ०, १ असा आकडा), बीएमडब्ल्यूचा तारा, मर्सिडीजचं ‘एमओ’, ऑडीचं ‘एओ’, फेरारीचं ‘के’. टायर बनवणाऱ्या कंपनीने तो टायर त्या गाडीसाठी जुळवला आणि गाडीच्या कंपनीने तपासून पसंत केला, इतकाच यांचा अर्थ. रबराचं मिश्रण, कडेचा ताठपणा, आवाज यांत त्यासाठी फेरफार होतात. त्याच नावाचा बिनखुणेचा टायर तितकाच अस्सल असतो, फक्त त्या गाडीसाठी खास जुळवलेला नसतो.

आकड्यांचा दावा तर साफ उलटा पडतो. एन० म्हणजे त्या टायरची पहिली मान्य आवृत्ती, एन१ ही त्याचीच पुढची; टायरचं नवं मॉडेल आलं की मोजणी पुन्हा एन०पासून. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट पीएस२वर एन४ सापडतो आणि कितीतरी वर्षांनी आलेल्या पायलट स्पोर्ट ४एसवर एन०. यातला नवा कोणता, हे मेसेज लिहिणाऱ्यानेच सांगावं.

पावसाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रस्त्यावर पाणी साचलं की खुणेचा टायरही तरंगू शकतो, आणि स्पोर्ट्स कारचे रुंद टायर लवकर तरंगतात. तिथे नक्षीची खोली, हवा आणि वेग बघायचा. कायद्याची किमान खोली १.६ मिलिमीटर, चोर्ला घाटात जूनमध्ये तेवढ्यावर जाणं मला तरी झेपणार नाही. आपल्याकडे या गाड्या पावसाळाभर झाकून ठेवतात, त्यामुळे नक्षी कोरी दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. म्हणून कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सेकंडहँड टायर ‘एन०वाला’ म्हणून गळ्यात मारणारे हा शिक्का आतल्या बाजूला ठेवूनच दाखवतात.

बेकायदा? भारतात सक्ती आयएसआय खुणेची आहे, गाडीच्या कंपनीच्या खुणेची नाही. भारांक (टायर किती वजन पेलतो तो आकडा) आणि वेगाचं अक्षर (तो किती वेग सोसतो ते) मात्र गाडीला पुरेसं हवंच.

खूण बिनकामाची आहे असंही नाही. एका ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, एन०च्या जोडीला एन१ किंवा बिनखुणेचा टायर लावू नका, वळणावर दोन्ही बाजू वेगळ्या वागू शकतात. आणि ‘एमओई’ असलेल्या मर्सिडीजला साधा टायर चढवण्याआधी डिकी उघडून बघा. एमओई पंक्चर होऊनही थोडं अंतर हळू चालतो, म्हणून अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते.