मंद्याला बेस येत नव्हता

मंद्याने मोबाइलवर आमच्या बँडचा जुना फोटो काढला, तिथून सगळं सुरू झालं. २००७ सालचा, कॉलेजच्या गॅदरिंगमधला. पाच पोरं, पाचही काळ्या टी-शर्टात, पाचांचेही केस खांद्यावर, आणि चेहऱ्यावर आत्ताच कुणाच्या तरी दहाव्याला जाऊन आल्यासारखा भाव. (आज त्यातल्या तिघांना टक्कल आहे. चौथा मी, वाटेवर.)

केतकीने फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला. मग म्हणाली, "मुलगी एकही नाही?"

"होती ना," पक्या म्हणाला. "खाली. प्रेक्षकांत."

हसला फक्त पक्याच.

गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने आमच्या कट्ट्यावर संध्याकाळी सातनंतर हळू बोलण्याची सोय नसते. खाली नदीपात्रात पथकांचे सराव सुरू असतात, त्यामुळे 'साखर कमी टाक' हेही भांडल्यासारखंच सांगावं लागतं. पुढचा सगळा वाद तसा ओरडून झालेला आहे, हे वाचताना लक्षात असू द्या.

पहिला नेने सरसावला. कट्ट्याचा कायमचा विरोधी पक्ष. "ह्यात विचारायचंय काय? आवडच नसते. मुलींना गायचं असतं. चार तास एकच रिफ, तोच तो सुरांचा तुकडा, घासत बसायचं खूळ पोरांच्याच डोक्यात शिरतं."

"फेंडरने २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पाहणी केली," केतकी म्हणाली. "नव्याने गिटार हातात घेणाऱ्यांत निम्म्या बायका निघाल्या. आणि ती गिटार विकणारी कंपनी आहे हं. तिला स्त्रीमुक्तीशी देणंघेणं नाही, गिऱ्हाईक कोण येतंय ते बघायचं होतं."

"मग बँडपर्यंत येईतो त्या निम्म्या जातात कुठे?" मी विचारलं. माझ्या मते खरा प्रश्न हाच होता, पण कट्ट्यावर खरा प्रश्न आला की कुणीतरी दुसराच काढतो.

तो पक्याने काढला. "ड्रम्सना दम लागतो राव. शेवटी ताकदीचं काम आहे."

केतकी काही बोलली नाही. फक्त अंगठा खांद्यावरून मागे, नदीच्या दिशेने केला. ती नऊ वर्षं पथकात ढोल वाजवते. कंबरेला करकचून दोरी, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताचा तळवा सोललेला, आणि विसर्जनाच्या दिवशी तासन्‌तास रस्त्यावर. पक्याच्या ड्रमकिटवर सध्या त्याच्या मुलांचे कपडे वाळत असतात. ताकदीचा मुद्दा तिथेच मिटला.

मग कुणीतरी हाताच्या आकाराचा मुद्दा काढला, तो मंद्यानेच निकालात काढला. अशा बाबतीत तो पक्का आहे. रॉक गायिका सुझी क्वाट्रो जेमतेम पाच फुटांची आणि गळ्यात फेंडर प्रिसिजन बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, जी भल्याभल्यांना लांब पडते. एसी/डीसी बँडचा गिटारवाला अँगस यंग तिच्याहून दोन-तीन बोटंच उंच, पण त्याला उंची कुणी विचारली नाही.

"बरं, गाण्याचं तरी खरं की नाही?" नेने हटला नाही. "आपल्याकडे बघ. लावणीचा फड घे. बाई नाचणार, गाणार, ढोलकीला पुरुष. मैफल घे. किशोरीताई गायच्या, तबल्याला पुरुष. ऑर्केस्ट्रा घे, दहा वाजवणारे आणि एक 'फीमेल सिंगर'. हे रॉकवाल्यांनी थोडंच ठरवलं?"

हा मुद्दा नेन्याला वाटला त्याहून मोठा होता, आणि त्यानेच तो आपल्या विरोधात मांडला होता. कारण मग आवडीचा प्रश्न उरतच नाही. बाईने कुठे उभं राहायचं ते आधीच ठरलेलं असतं आणि आवड त्या जागेपुरती वाढते. मी त्याला 'कारपेंटर्स' बँडमधल्या कॅरन कारपेंटरची गोष्ट सांगितली. ती मुळात ड्रमर, आणि स्वतःला ड्रमरच समजायची. पण आवाज असा की लोकांना ती समोर हवी. मग ड्रम्समागून उठवून हळूहळू तिच्या हातात माइक दिला गेला. आपल्याकडे मुंबईत आबान मिस्त्रींनी तबल्याचं एकल वादन केलं, अनुराधा पालांनी १९९६ मध्ये फक्त बायकांचा 'स्त्रीशक्ती' हा वाद्यवृंद काढला. पण अजूनही तबल्यावर बाई बसली की निवेदक 'विशेष म्हणजे' म्हणतोच.

"आणि गंमत म्हणजे," मंद्या म्हणाला, "विजेवरची गिटार ठोकून वाजवणाऱ्या पहिल्या फळीत बाई आहे. सिस्टर रोझेटा थार्प. चर्चची गाणी म्हणायची. १९६४ मध्ये मँचेस्टरला एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात तिचा कार्यक्रम टीव्हीसाठी केला. पाऊस, फलाटावर ती, अंगात लांब कोट, समोरच्या फलाटावर पोरं बसलेली. बघा एकदा. रॉक अँड रोल गाजवणाऱ्या चक बेरीच्या आधीपासून ती हे वाजवत होती."

"मग तिच्यानंतर काय झालं?"

"तिच्यानंतर पोरांनी बँड काढले," केतकी म्हणाली.

चहाची दुसरी फेरी आली, क्रीमरोलही. नेन्याने मधल्या वेळात दारूगोळा भरून घेतला. "ठीक आहे. पण आता अडवतंय कोण? श्रीनगरमध्ये अडवलं, मान्य. दहावीतल्या तीन मुली, 'प्रगाश' नावाचा बँड, डिसेंबर २०१२ मध्ये एका स्पर्धेत वाजवलं, फेब्रुवारीत मुफ्तींनी फतवा काढला आणि मुलींनी बँड बंद केला. ते अडवणं. पुण्यात तुला कोण फतवा काढणारे?"

"कुणी नाही. पुण्यात फक्त विचारतात, 'परत कशी येणार?'"

नेने गप्प. त्यालाही मुलगी आहे, आठवीत.

"पबमधला कार्यक्रम साडेबाराला संपतो," केतकी पुढे म्हणाली. "मग अँप गाडीत भरा, पैशांसाठी मॅनेजरपाशी ताटकळा, मग भुर्जी. जॅमरूम, म्हणजे सरावाची भाड्याची खोली, स्वस्त मिळते ती रात्री उशिराची. हॉस्टेलचं गेट नऊला बंद. पोराने उशीर केला तर आई जेवण झाकून ठेवते. मुलीने केला तर बाप दारात."

पक्या म्हणाला, "हे पुन्हा बाहेरचं झालं, घरचं झालं. बँडवाल्यांचा त्यात काय दोष?"

आणि इथे नेन्याने तो प्रश्न टाकला ज्यासाठी मी हे सगळं लिहून काढायला बसलो. म्हणाला, "मला एक सांग. पथकात तर मुली ढिगाने आहेत. तेच पुणं, त्याच आया, तेच बाप. ढोल गिटारपेक्षा जड. मग ढोलाला चालतं ते बँडला का चालत नाही?"

केतकी जरा थांबली. "देवाचं काम आहे, घरून 'नाही' म्हणत नाहीत, हे एक. सरावाची वेळ ठरलेली, ती संध्याकाळची, उघड्यावर, शंभर माणसांत, हे दुसरं. ढोल पथकाचा, विकत घ्यावा लागत नाही. पण ह्या सगळ्यापेक्षा, आमच्याकडे फलक लागतो. 'नवीन वादकांची नोंदणी सुरू.' त्यावर नंबर असतो. मी फोन केला, नाव सांगितलं, दुसऱ्या दिवशी सरावाला गेले. मला तिथे एक माणूस ओळखत नव्हता. तुमच्या बँडचा फलक कुठे लागला होता?"

लागला नव्हता. बँडचा फलक नसतोच. बँड म्हणजे चार पोरं रात्री अकरा वाजता कुठल्यातरी कट्ट्यावर बसलेली असतात, एक म्हणतो 'आपण बँड काढू या', उरलेले म्हणतात 'काढू या'. वाद्यं नंतर येतात, वाजवता येणं तर फारच नंतर. त्या अकराच्या कट्ट्यावर जी व्यक्ती नाही, ती बँडमध्ये नाही.

मंद्याला हे पटलं नाही, पण आठवणी त्याच्याच निघायला लागल्या, आणि निघाल्या त्या सगळ्या केतकीच्या बाजूच्या. फॅनी हा बँड घ्या: १९७० मध्ये मोठ्या कंपनीकडून पहिला अल्बम, चारही बायका, स्वतः वाजवणाऱ्या. त्यात जून आणि जीन मिलिंग्टन सख्ख्या बहिणी, आणि बँड लॉस एंजेलिसला एकाच घरात राहायचा. हार्टमधल्या ॲन आणि नॅन्सी विल्सन बहिणी. जपानच्या शोनेन नाइफमध्ये यामानो बहिणी. हाइम तर तिघी बहिणी. कॅरन कारपेंटरबरोबर भाऊ. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडला ऐन वेळी ड्रमर हवा होता, तेव्हा गिटारिस्टला आठवली ती मित्राची बहीण, मो टकर. ती ड्रम आडवा ठेवून उभ्याने वाजवायची. टॉकिंग हेड्सची टीना वेमाउथ ड्रमरची मैत्रीण, बेसवाला मिळेना म्हणून बेस शिकली, तोही सुझी क्वाट्रोच्या रेकॉर्डी ऐकून. आपल्या मुंबईची मोहिनी डे, रहमानपासून झाकीरभाईंपर्यंत सगळ्यांबरोबर वाजवलेली. तिचे वडीलच बेस वाजवणारे, तिसऱ्या वर्षी त्यांनी हातात बेस दिला.

"म्हणजे कट्टा घरात असेल तरच," केतकी म्हणाली. "बहिणीबरोबर रात्री दोनपर्यंत वाजवलं तर 'परत कशी येणार' कोण विचारणार?"

शिलाँगकडचंही मग निघालं. सोलमेट या बँडची टिप्रिटी खारबंगार गाते आणि गिटारही वाजवते. अरुणाचलच्या मुलींचा द व्हिनाइल रेकॉर्ड्स हा अख्खा बँड. तिकडे गिटार घरात असते, चर्चमध्ये असते, ती वाजवण्यासाठी आधी कुणाच्या टोळीत शिरावं लागत नाही. आपल्याकडे रॉक वाढला कॉलेजांच्या स्पर्धांवर. मुंबई आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवातली लाइव्हवायर, तिकडे मुंबईच्याच रंगभवनात भरणारा, १९८६ ला सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक. आणि आयआयट्यांमध्ये २०१८ ला मुलींसाठी जादा जागा काढाव्या लागल्या, कारण तोवर दहात एक मुलगी दिसली तरी पुष्कळ. मग स्पर्धेत उतरणाऱ्या बँडांत आकडा काय असणार?

"पण फलक लावून बँड होतो का?" मंद्या उसळला. "बँड म्हणजे नोकरभरती नाही. जमलं पाहिजे."

"झालाय. पिक्सीज," मी म्हणालो. मला ही गोष्ट फार आवडते, त्यामुळे मी ती जरा रंगवून सांगतो. १९८६, बॉस्टन. ह्यांनी पेपरात जाहिरात दिली: बेस वाजवणारं माणूस हवं, त्याला हुस्कर डू हा कर्कश बँड आणि पीटर, पॉल अँड मेरी हे गोड गळ्याचं त्रिकूट, दोन्ही आवडायला हवं. आपल्याकडे म्हणायचं तर ताशा आणि भावगीत, दोन्ही. एकच माणूस आलं. किम डील. तिला बेस येत नव्हता आणि तिच्याकडे बेस नव्हताही. तो तिने बहिणीचा आणला.

"बघ, पुन्हा बहीण," नेने म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

मग त्याने शेवटचा पत्ता टाकला, आणि कधी नव्हे तो आमच्याच बाजूने. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रांत निवडीच्या वेळी वाजवणाऱ्यासमोर पडदा लावायची पद्धत आली. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या पाच ऑर्केस्ट्रांत १९७० मध्ये बायका ५ टक्क्यांहून कमी होत्या, १९९७ पर्यंत २५ टक्क्यांवर गेल्या. पडद्यामुळेच गेल्या का, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. नेन्याने हेही प्रामाणिकपणे सांगितलं. आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकने तर पहिली बाई सभासद म्हणून १९९७ मध्येच घेतली. ती हार्प वाजवणारी. दोन दशकांहून जास्त काळ त्यांच्यातच वाजवत होती, फक्त सभासद नव्हती.

"म्हणजे निवडणारा ओळखीचा चेहरा बघतो," केतकी म्हणाली. "पडदा लावला की कानाने बघावं लागतं."

"आम्ही कानानेच बघायचो," मंद्या म्हणाला.

मी हसलो. आणि हसायला नको होतं, कारण केतकीने ते पाहिलं. "काय रे?"

सांगावंच लागलं. २००६ मध्ये आमचा बेसवाला पुढच्या शिक्षणाला निघून गेला. जवळजवळ वर्षभर आम्ही बेसशिवाय वाजवत होतो, सगळं पातळ आमटीसारखं लागायचं. आमच्याच वर्गात एक मुलगी होती. गिटार माझ्याहून चांगली वाजवायची. चांगली म्हणजे, मी तिच्यासमोर गिटार काढायचं टाळायचो. गॅदरिंगला तिने एकटीने दोन गाणी वाजवली, तेव्हा पक्या माझ्या कानात म्हणाला होता, 'हिचा उजवा हात बघ.' आम्ही तिला विचारलं नाही. नको म्हणून नव्हे. शपथेवर सांगतो, डोक्यातच आलं नाही. त्या महिन्यात मंद्या रोज कट्ट्यावर असायचा, त्याला काही काम नव्हतं. मी त्याला म्हणालो, 'बेस शिकतोस का?'

"मंद्याला बेस येत नव्हता?" केतकीने विचारलं.

"चार तारा असतात हेही माहीत नव्हतं," पक्या म्हणाला.

"पाचही असतात," मंद्या म्हणाला, जरा दुखावून.

नेन्याने क्रीमरोलचा कागद चुरगळला. खालचे ढोल अचानक थांबले, आणि आम्ही सगळे उगाच ओरडत बोलत होतो हे लक्षात आलं.

"ती हल्ली वाजवते?" केतकीने हळू विचारलं.

"माहीत नाही."

"फोन कर की. विचार."

मी मोबाइल हातात घेतला. वर्गाच्या ग्रुपवर नावं वरून खाली पाहिली, मग खालून वर. मंद्या वाकून बघत होता.

"नंबर नाहीये," मी म्हणालो.

केतकीला तिच्या पथकातून कुणीतरी खालून हाक मारली. तिने उरलेला चहा एका घोटात संपवला, ओढणी कंबरेला बांधली आणि पायऱ्या उतरून गेली.