काखेतल्या गाठी आणि ‘अर्धवट’ ऑपरेशन

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे: ‘स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या सगळ्या गाठी काढायलाच हव्यात; दोन-तीन काढणारा डॉक्टर ऑपरेशन अर्धवट सोडतो, उरलेल्यांतून रोग पसरतो आणि सगळ्या काढल्याने नुकसान काहीच नाही.’ यातले एकही विधान सरसकट खरे नाही.

घोळ ‘गाठ’ या शब्दापासूनच आहे. स्तनातली कॅन्सरची गाठ हा रोग. संदेशातल्या काखेतल्या ‘गाठी’ म्हणजे लसिकाग्रंथी, अंगातला लसिका हा पातळ द्रव गाळणाऱ्या छोट्या ग्रंथी; त्या मात्र निरोगी माणसालाही असतात. लावणीच्या चिखलात पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते अशाच ग्रंथी सुजल्यामुळे.

दोन-तीन ग्रंथी काढणे हे अर्धवट काम नव्हे. स्तनातला लसिकाद्रव ज्या ग्रंथींत सर्वांत आधी पोहोचतो, त्या सेंटिनल ग्रंथी. स्तनात निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून सर्जन त्या हुडकतो आणि तपासायला पाठवतो. त्या स्वच्छ निघालेल्या सुमारे ४,००० स्त्रियांच्या चाचणीत, बाकीच्या ग्रंथी काढल्या काय किंवा ठेवल्या काय, जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, हे २०१० साली प्रसिद्ध झाले.

रोग पसरण्याची भीती मला समजते, कारण ती जिवाची भीती आहे. पण झेड-००११ या चाचणीत एक-दोन सेंटिनल ग्रंथींत कॅन्सर सापडूनही ज्यांची काख पूर्ण साफ केली नाही, म्हणजे बाकीच्या ग्रंथी काढल्या नाहीत, त्यांपैकी ८६.३ टक्के स्त्रिया दहा वर्षांनी हयात होत्या. साफ केलेल्यांत हे प्रमाण ८३.६ टक्के होते. या स्त्रियांची गाठ पाच सेंटिमीटरपर्यंतची होती, स्तन राखला होता आणि त्याला रेडिएशन ठरलेले होते, हे मात्र विसरून चालणार नाही. काखेतल्या ग्रंथी हाताला लागत असतील आणि त्यांत कॅन्सर सिद्ध झाला असेल, किंवा केमोनंतरही तो उरला असेल, तर काख पूर्ण साफ करणे बहुधा आवश्यकच ठरते, आणि तसे सांगितले गेल्यास कोणीही माघार घेऊ नये.

‘नुकसान काहीच नाही’ हे विधान मला सर्वांत जास्त खुपते. पूर्ण काख साफ केल्यावर साधारण पाचांतील एकीचा हात कायमचा सुजतो; फक्त सेंटिनल ग्रंथी काढल्यास शंभरात पाच-सहा जणींचा. माझ्या मावशीचा डावा हात असाच सुजला आहे. त्या हातातल्या हिरव्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या, आणि बांगडे साफ करताना बोटात काटा रुतला तरी दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत लाल होतो, ताप चढतो आणि प्रतिजैविके सुरू करावी लागतात.