सेवाचा साखरांबा

आमची आजी जन्मानं इंदूरची, सासरही इंदूरचंच. त्यामुळे तिच्या मराठीत सफरचंद नव्हतंच, 'सेव' होता. आणि पोह्यांवर पडते तीही सेवच. कुठला सेव की कुठली सेव, हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. तिच्या कृतींच्या वहीत 'सेवाचा साखरांबा' असं पान आहे. ऑगस्टात हातगाड्यांवर हिमाचलचा माल दिसायला लागला, तशी मला त्या पानाची आठवण झाली.

नवऱ्याला फोन केला, "अहो, येताना किलोभर सेव आणा, साखरांबा करायचाय."

आला तो कागदाच्या पुड्यात किलोभर लौंग सेव घेऊन. पुडा अजून कोमट होता.

"अहो, ही काय?"

"दुकानदारानं विचारलं, लौंग की लहसुन? म्हटलं, साखरांब्यात लवंगच बरी."

बत्तीस वर्षांचा संसार आहे, मी काही बोलले नाही. स्वतः जाऊन सफरचंदं आणली.

आता कृती. 'सेव १ शेर. साखर तितकीच, १ छटाक कमी. पाणी बेताचे. वेलदोडे. लिंबू अर्धे. पातळ वाटेल, वाटू द्यावे.' संपली. शेर बाजारातून जाऊन साठाहून जास्त वर्षं झाली. शेराचे ८० तोळे, छटाकाचे ५, असं करत मोबाइलवर हिशेब मांडला: सफरचंद ९३३ ग्रॅम, साखर ८७५. माझ्या वजनकाट्यावर पीठ सांडून सांडून तो दहा ग्रॅम इकडेतिकडे बोलतो, हा भाग वेगळा. 'बेताचे' किती ग्रॅम, ते मोबाइललाही येईना.

सालं काढली, किसायला घेतलं. तिसऱ्या सफरचंदाला किसणीनं अंगठ्याचाही वाटा घेतला. पट्टी लावून परत येईस्तोवर परातीतला किस चहाच्या चोथ्यासारखा तांबूस! लिंबू कृतीत शेवटी असलं तरी पिळायचं आधी असतं, म्हणजे किस काळा पडत नाही. आजीला ते इतकं ठाऊक होतं की कधीही आठवलं तरी चालत होतं. मला ठाऊक नव्हतं.

गॅसवर ठेवलं. दहा मिनिटं सगळं शहाण्यासारखं चाललं. मग तळातून एक बुडबुडा आला आणि फट्कन फुटला. एक टिपका मनगटावर, एक चष्म्यावर आणि एक थेट भिंतीवरच्या कालनिर्णयावर, नेमका एकादशीच्या चौकोनात. पुढची पंचवीस मिनिटं मी डाव्या हातात झाकण ढालीसारखं धरून उजव्या हातानं लांबूनच ढवळत होते.

आणि ते पातळच! आजीनं लिहिलेलं होतं, वाटू द्यावे. सफरचंदात पेक्टिन असतं, साखर आणि लिंबाची सोबत मिळाली की ते गार होता होता आपोआप आळतं. हे मी वाचलेलं होतं. पण कढईसमोर उभं राहिलं की वाचलेलं कुठे आठवतं? रामबागेतल्या आत्याला फोन लावला.

"आत्या, पातळ वाटतंय गं."

"मग उतरव की!"

"अजून थोडं आटवू का?"

"आईनं काय लिहिलंय?"

"वाटू द्यावे."

"मग वाटू दे ना!" आणि तिनं फोन ठेवला.

मी आणखी वीस मिनिटं आटवलं.

सकाळी बरणीत चमचा उभा होता. ओढला तर बरणीच उचलली गेली. रंग गुळाच्या ढेपेचा, आणि पोत... नवरा म्हणाला, "छान जमलाय, फक्त सुरी दे." एक तुकडा तोडून त्यानं पोळीवर ठेवला, चावला, बराच वेळ चावला. मग शांतपणे उठून तो कालचा पुडा घेऊन आला आणि मूठभर सेव वरून भुरभुरली. इंदूरचा माणूस, दुसरं काय करणार! दुसरी पोळी मागितली, तिसरीही.

"मी म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला. "लवंगच बरी."