सत्काराला क्रेडिट नको, शिकवण्याला द्या

आज सकाळी बारच्या, म्हणजे आपल्या वकील संघाच्या, ग्रुपवर कालच्या कार्यशाळेचे फोटो आले. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि सगळ्यांच्या हातात सोनेरी किनारीची प्रमाणपत्रं. विषय होता डिजिटल पुरावा. मी तिथे होते. विषयावर बोलणं झालं जेमतेम अर्धा तास. अशा कार्यक्रमांना वकिलांच्या शिक्षणाचे गुण, म्हणजे क्रेडिट, द्यायचे असतील तर ते फक्त शिकवण्याला द्यावेत.

मागच्या रांगेत नुकतीच सनद मिळालेली एक मुलगी होती, पहाटेच्या एसटीने आलेली. तिने उभं राहून विचारलं, "सर, कलम ६३ च्या दाखल्याचा भाग ब तज्ज्ञाने भरायचा म्हणतात. आमच्या तालुक्यात तज्ज्ञ आणायचा कुठून?" निवेदक म्हणाले, प्रश्न नंतर घेऊ, पाहुण्यांना निघायचंय. नंतर थेट जेवणच झालं.

अहो, तोच तर प्रश्न होता! मोबाईल, पेन ड्राईव्हमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत हा दाखला लागतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, १८७२ चा पुरावा कायदा गेला. जुन्या कायद्यातल्या कलम ६५-ब च्या अशाच दाखल्यावरून जालन्याच्या निवडणुकीचा वाद सुप्रीम कोर्टात गेला होता, २०२० चा तो निकाल आपण सगळेच तोंडपाठ सांगतो. आता दाखल्याच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाईलमध्ये बदल झालेला नाही हे पडताळायचा अंक-अक्षरांचा कोडही, लिहायची आहे. नवऱ्याच्या धमक्यांचं रेकॉर्डिंग पेन ड्राईव्हवर घेऊन आलेल्या बाईचा वकील हे कुठे शिकणार? शाल पांघरलेल्या पाहुण्यांच्या फोटोत?

महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. सीएंना प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात. न्यायाधीशांसाठी उत्तनला न्यायिक अकादमी आहे. आपण एकदा बार परीक्षा पास झालो की जन्मभर कोणी विचारत नाही. चर्चासत्रं, व्याख्यानं घेणं हे बार कौन्सिलचं, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचं, काम असल्याचं १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्येच लिहिलंय. मग कुठल्या कार्यक्रमाला मान्यता द्यायची, हेही कौन्सिलने ठरवावं.

तास सक्तीचे केले की तास विकत मिळू लागतात, हे मान्य. इंग्लंडने सॉलिसिटरांची, म्हणजे तिथल्या वकिलांची, वर्षाला १६ तासांची अट २०१६ मध्ये काढलीच. म्हणून तर मी तास मोजा म्हणत नाही. वक्त्याचं टिपण आधी मागवा. भाषणाइतकाच वेळ प्रश्नांना ठेवा. येणाऱ्याने तिथे बसून एक तरी दाखला, एक तरी अर्ज स्वतःच्या हाताने लिहावा. सत्काराचा वेळ क्रेडिटमधून वजा करा.

आयोजकही आपलेच आहेत. दिवसभर कोर्ट करून रात्री हॉल, मंडप, जेवण बघतात, खिशातले पैसे घालतात. त्यांच्यावर राग काढताना मला वाईट वाटतं. पण त्या पोरीने एसटीचं भाडं आणि नोंदणी शुल्क भरलं होतं, ज्युनिअरच्या तुटपुंज्या मानधनातून. तिचा अख्खा रविवार गेला. तिला उत्तर मिळालं नाही, प्रमाणपत्र मात्र मिळालं, आणि उद्या ह्याच कागदाला क्रेडिट द्यायचं ठरलं तर? मला हे सहनच होत नाही.

जेवण झाल्यावर आम्ही दोघी हॉलच्या पायरीवर बसलो आणि मोबाईलवर तो नमुना ओळीने वाचला. किती भराभर समजत होतं तिला! बघून भरून आलं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी लेखी ठराव मांडणार आहे: आपल्या बारच्या प्रत्येक कार्यशाळेचं टिपण आठवडाभर आधी सगळ्यांना मिळावं आणि तालुक्याच्या ज्युनिअरना शुल्क नसावं. अनुमोदन द्यायला कोण तयार आहे? खाली नाव लिहा.